घरच्या घरी गाडीला फ्रंट स्प्लिटर बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी गाडीवाल्यांकडून हे प्रश्न सतत येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. स्प्लिटर म्हणजे पुढच्या बंपरखालून पुढे आलेली आडवी पट्टी. हॅचबॅक आणि सेडान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. एसयूव्हीवाल्यांना उंचीची काळजी कमी, बाकी सगळं तेच. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांच्या मुळाशी तीच आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर स्प्लिटर आज ना उद्या कशावर तरी आपटणारच. तेव्हा तो असा बसवायचा की आपटल्यावर तो एकटा जाईल, बंपरला सोबत नेणार नाही.

स्प्लिटरमुळे गाडी रस्त्याला जास्त धरून चालते का?

ट्रॅकवर हो, घोडबंदर रोडवर नाही. गाडीच्या नाकासमोर हवा अडते आणि तिथे दाब वाढतो. बंपरखालून पुढे आलेल्या आडव्या पट्टीवर तो दाब वरून पडतो. पट्टीखालून मात्र हवा वेगाने सटकते, तिथे दाब कमी होतो. दोन्ही मिळून नाक खाली दाबलं जातं.

पण किती? १.६ मीटर लांब आणि ५ सेंमी पुढे आलेली पट्टी धरा. ताशी ६० किमीला वरून पडणारा भार फार तर सव्वा-दीड किलो. ताशी १०० ला पावणेचार किलोच्या आसपास. हा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २०० ला तो पंधरा किलोवर जातो. आता २०० ने कुठे जाणार? मुंबई-पुणे एक्सप्रेसवे असो की अटल सेतू, मोटारींना मर्यादा १०० चीच आहे. खालची ओढ धरून आकडा दुप्पट केला तरी मागच्या सीटवर ठेवलेल्या शाळेच्या दप्तराएवढाच होतो. तेव्हा स्प्लिटर दिसायला आवडतो म्हणून लावा आणि तसं सांगायला लाजू नका. वळणावर गाडी धरून राहावी असं वाटत असेल तर तेच पैसे चांगल्या टायरमध्ये घाला.

माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी आहे. स्प्लिटर चालेल का?

या आकड्यावरून काही कळत नाही. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या सर्वांत खालच्या भागाची उंची. तुम्हाला हवी आहे ती बंपरच्या खालच्या कडेची उंची, आणि ती कड पुढच्या चाकाच्या किती पुढे आहे ते. टेप घेऊन खाली बसा आणि दोन्ही मोजा.

समजा बंपरची कड जमिनीपासून २० सेंमी वर आहे आणि चाक जिथे टेकतं तिथपासून ७० सेंमी पुढे. म्हणजे गाडी साधारण १६ अंशांचा चढ नाक न घासता घेईल. आता ४ सेंमी खाली आणि ५ सेंमी पुढे येणारा स्प्लिटर लावला की उरतात १२ अंश. सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प आठास एक उताराचा असेल तर तो सुमारे ७ अंश. कागदावर अजून जागा दिसते. पण रॅम्प उतरताना शेवटी ब्रेक दाबला की नाक तीन-चार सेंमी खाली जातं आणि १२ चे ९ होतात. त्यात पुढे दोन माणसं, वर रॅम्पच्या पायथ्याशी गटाराची जाळी उचललेली. घासणारच.

म्हणून विकत घेण्याआधी पुठ्ठ्याची चाचणी करा. फ्रिजच्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्याची, स्प्लिटर जेवढा पुढे आणि खाली येणार तेवढीच पट्टी कापा, मास्किंग टेपने बंपरखाली लावा आणि आठवडाभर रोजच्या रस्त्याने गाडी चालवा. पुठ्ठ्याची कड कुठे चुरगळली ते बघा. दोन्ही टोकं शाबूत आणि मधला भागच चेपला असेल तर दोष रॅम्पचा. एकच कोपरा गेला असेल तर दोष तुमच्या वळण्याच्या सवयीचा, आणि सवय बदलता येते. पुठ्ठा पहिल्याच दिवशी गळून पडला, तर पैसे वाचले म्हणा.

स्पीडब्रेकरचं काय?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर स्प्लिटरला काही होत नाही. पण गल्लीबोळात रातोरात डांबराचा ढीग ओतून जो बनवतात, त्याला कुठलाच निकष लागू नाही. तिरकी गाडी घालणं, एकेक चाक चढवणं हा एकच उपाय आहे. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

एबीएस, पीयू, फायबर, कार्बन यांतलं काय घ्यावं?

रोजच्या गाडीला एबीएस प्लॅस्टिक किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. पीयू रबरासारखं वाकतं आणि परत जागेवर येतं, त्यामुळे आपल्या रस्त्यांना तेच उत्तम, पण महाग आणि सहज मिळत नाही. एबीएस स्वस्त, हलकं आणि थोडं लवचिक. फायबर म्हणजे एफआरपी, काचेचे तंतू घातलेलं प्लॅस्टिक. ते वाकत नाही, तडकतं, आणि कापताना उडणारी धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय त्याला हात लावू नका. कार्बन फायबर फुटपाथच्या कडेवर घासलेला बघवत नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शिवाय स्वस्तात ‘कार्बन’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा एबीएसवर चढवलेला छापील थर असतो.

युनिव्हर्सल घ्यावा की गाडीच्या मॉडेलचा?

मॉडेलचा मिळत असेल तर तोच. बंपरची वळणं जुळलेली असतात, फट राहत नाही. युनिव्हर्सल तीन तुकड्यांचा असतो, मधला आणि दोन बाजूचे, आणि सांधे पुरते लपत नाहीत. पण त्या तुकड्यांचा एक फायदा आहे. कोपरा तुटला तर एकच तुकडा जातो.

नुसत्या डबल साइड टेपवर राहील का?

सगळ्यांना ‘हो’ ऐकायचं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चांगली टेप, म्हणजे थ्रीएमच्या व्हीएचबीसारखी, खरोखर ताकदवान असते. प्रश्न टेपचा नाही, ती कशावर चिकटते याचा आहे. बहुतेक बंपर पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. आतल्या बाजूला हात घालून बघा, त्यावर पीपी आणि ईपीडीएम अशी अक्षरं कोरलेली सापडतील. पीपी हा मुळातच कशालाही धरून न ठेवणारा प्लॅस्टिकचा प्रकार. जिथे रंग आहे तिथे टेप रंगाला चिकटते आणि छान बसते. पण स्प्लिटर जिथे लागतो तो बंपरचा खालचा भाग बऱ्याच गाड्यांत बिनरंगाचा, काळा, खरखरीत असतो. तिथे टेप लावली की आठवड्याभरात कडेला पांढुरकी रेघ दिसू लागते. ती रेघ म्हणजे टेप सुटायला लागल्याची पहिली खूण. अशा जागी आधी अढिजन प्रमोटर, म्हणजे टेपसाठीचा प्रायमर, लावल्याशिवाय काही खरं नाही.

आणि सगळं नीट केलं तरी टेप ओढ सहन करते, सोलणं नाही. स्प्लिटरची एक कड कशात अडकली की तो सोलला जातो. म्हणून टेप फट बुजवायला आणि खडखड थांबवायला, भार घ्यायला स्क्रू.

बंपरला भोकं पाडायला जीव होत नाही. दुसरा मार्ग?

आहे. बंपरची खालची कड आत वळलेली असते आणि त्यावर इंजिनखालचं प्लॅस्टिक कव्हर आधीच स्क्रू आणि क्लिपांनी बसवलेलं असतं. चाकाच्या कमानीतल्या अस्तरालाही स्क्रू असतात. यातली जेवढी भोकं स्प्लिटरच्या पट्टीखाली येतात तेवढी वापरा. त्याच आट्याचा, फक्त थोडा लांब स्क्रू घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत अशी चार-पाच ठिकाणं सहज मिळतात आणि नवी भोकं दोन-तीनच पाडावी लागतात. तीही खालून, जिथे कुणाला दिसत नाहीत.

सामान काय लागेल?

बॅटरीवरचं ड्रिल, ३ मिमीचा बिट, ४.२ मिमीचे स्टेनलेस स्टीलचे सेल्फ टॅपिंग स्क्रू, लहान आणि मोठे वॉशर, यू आकाराच्या नट-क्लिपा, टेप, प्रायमर, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मार्कर. स्टेनलेस स्टीलवर कंजुषी करू नका. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून साध्या स्क्रूचं डोकं असं गंजवतात की पुढच्या वर्षी पाना धरायला जागा राहत नाही.

गाडी खाली झोपण्याइतकी वर कशी घ्यायची? नुसत्या जॅकवर चालेल?

नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. पुढची चाकं चढवायला लोखंडी किंवा कडक प्लॅस्टिकचे रॅम्प मिळतात, ते सर्वांत सोपे. नाहीतर जॅकने उचलून दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. विटा नकोत, त्या भुगा होतात. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचा पाय रुततो, त्याखाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला.

सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालवू नका. सेक्रेटरींच्या कानावर आधी घातलं की पुढचे सगळे संवाद सोपे होतात.

प्रत्यक्ष बसवायची पद्धत?

गाडी आदल्या दिवशी धुवा, बंपरची खालची कड हाताने चोळून. तिथे चिकटलेला डांबराचा थर रॉकेलच्या फडक्याने जातो, पण त्यानंतर साबणपाण्याने रॉकेलही गेलं पाहिजे.

आधी सगळं कोरडं लावून बघायचं. एकाने धरायचं, दुसऱ्याने मास्किंग टेपने तात्पुरतं बांधायचं. मध्य शोधताना नंबरप्लेटवर विश्वास ठेवू नका, ती सरळ असेलच असं नाही. दोन्ही चाकांच्या कमानींपासून मापं घ्या आणि मध्य काढा. मग दहा पावलं मागे जाऊन, वाकून, समोरून बघा. वाकडा असेल तर आताच दिसेल. भोकं पाडल्यावर दिसला तर उपयोग नाही.

समाधान झालं की खालून खुणा करा. मधला स्क्रू आधी, मग दोन्ही बाजूंना सरकत जायचं. उलट केलंत तर पट्टी मध्ये फुगते. बिटच्या टोकापासून १२ मिमीवर मास्किंग टेप गुंडाळा. टेप प्लॅस्टिकला टेकली की थांबायचं. ड्रिल हळू फिरवा. जोरात फिरवलं तर पीपी कापलं जात नाही, वितळतं, आणि भोकाभोवती मऊ कडं जमून स्क्रू पुढे सैल होतो. वेग बरोबर असेल तर काळ्या प्लॅस्टिकची गुंडाळलेली सालं बिटवरून सुटत खाली येतात.

स्प्लिटरमधलं मधलं भोक नेमकं ठेवा, बाकीची आडवी थोडी लांबट करा. काळं प्लॅस्टिक मे महिन्याच्या उन्हात ६० अंशांच्या वर तापतं. दीड मीटरची पट्टी तापून-निवून काही मिलिमीटर वाढते-घटते. तिला सरकायला जागा नसेल तर ती लाटेसारखी वाकते, नाहीतर स्क्रूपाशी तडकते. फायबरचा स्प्लिटर पीपीच्या बंपरला लावताना तर हे नक्की करा, कारण दोघांचं प्रसरण सारखं नसतं.

आता सुरुवातीला म्हटलं ते. स्प्लिटरच्या बाजूला लहान वॉशर लावा आणि बंपरच्या बाजूला मोठा वॉशर किंवा यू-क्लिप. जोराचा धक्का बसला की लहान वॉशर स्प्लिटरमधून ओढला जाऊन बाहेर येतो आणि बंपरची कड वाचते. अपवाद फक्त चाकाजवळच्या दोन टोकांचा. तिथे दोन्हीकडे मोठे वॉशर आणि प्रत्येक टोकाला किमान दोन स्क्रू. टोक सुटून लोंबकळलं तर ते थेट पुढच्या चाकाखाली जातं, आणि चालत्या गाडीत ते नको.

बंपर आणि स्प्लिटर, दोन्हींच्या टेप लागणाऱ्या जागा अल्कोहोलने पुसा, बंपरवर प्रायमर लावा, मग टेप. स्प्लिटर जागेवर धरून टेपवरचा कागद एका टोकाने थोडा-थोडा सोलत, अंगठ्याने दाबत जायचं. शेवटी स्क्रू हाताने आवळा. ड्रिलने आवळले की प्लॅस्टिकमधले आटे मरतात.

व्हीएचबीची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुऊ नका आणि ताशी १०० चा मोहही टाळा.

ड्रिल करताना आत काही फुटू शकतं का?

हो. बंपरमागे एसीचा कंडेन्सर, टर्बो गाडीत बहुधा इंटरकूलर, हॉर्न, फॉग लॅम्पच्या वायरी आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते. एअरबॅगचे पुढचे धक्का-सेन्सरही त्याच भागात. नवीन गाड्यांत खालच्या जाळीत रडार असेल तर त्याच्यासमोर काहीही येता कामा नये. म्हणूनच भोकं बंपरच्या समोरच्या भागात नाहीत, फक्त आत वळलेल्या कडेत. आणि लोखंडी क्रॉसमेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या दांड्याला, स्प्लिटर बोल्टने बांधू नका. ट्रॅकवर तसं करतात, कारण तिथे भार खरा असतो. रस्त्यावर तसं केलं तर फुटपाथचा धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला बसतो.

सपोर्ट रॉड लावू का?

चार किलोच्या भाराला बंपर आणि स्प्लिटर यांना जोडणारे रॉड लागत नाहीत. शोभेसाठी लावायचे तर एवढं लक्षात घ्या की ते समोरच्या माणसाच्या नडगीच्या उंचीवर येतात.

पावसाळ्यात बसवला तर?

जून ते सप्टेंबर टेपचं काम करू नका. दमट हवेत पुसलेली जागाही पुरती कोरडी होत नाही. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने उत्तम.

आधीच बसवलेला असेल तर खरा शत्रू साचलेलं पाणी. पाणी हवेच्या आठशेपट घन असतं. ताशी २० किमीने पाण्यात घुसलात, तर हवेने १०० च्या वेगाला जेवढा दाब दिला असता त्याच्या तीसपटीहून जास्त दाब समोरून येतो. नौपाड्यात वंदना सिनेमापाशी पाणी भरलं की ज्यांचे स्प्लिटर गळतात, ते असे गळतात. पाण्यातून जायचंच असेल तर चालण्याच्या वेगाने, आणि बाहेर आल्यावर एकदा उतरून टोकं हाताने हलवून बघायची.

आरटीओ किंवा पोलीस अडवतील का?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलांत आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांत तफावत येईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुल बारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर, कारवाई करा असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं.

प्लॅस्टिकची पट्टी आरसीवरच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, पण रस्त्यावर निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा असतो. नंबरप्लेट आणि दिवे झाकू नका. धारदार किंवा टोकदार कड ठेवू नका. बंपर माणसाच्या पायाला कमी लागावं म्हणून मऊ बनवलेला असतो, त्याच्यापुढे सुरीसारखी पट्टी लावणं कायदा बाजूला ठेवला तरी वाईटच. एमएच-०४ असो की एमएच-४३, शंका असेल तर आपल्या आरटीओत आधी विचारा.

इन्शुरन्स आणि वॉरंटी?

इन्शुरन्स कंपनीला ईमेलने कळवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी वादाचं कारण होतो. वॉरंटीत बंपर, त्याच्या क्लिपा आणि पुढच्या सेन्सरबद्दलची तक्रार अडकू शकते. इंजिनचा याच्याशी संबंध नाही, तसं कुणी म्हणालं तर लेखी मागा.

सर्व्हिसिंगला अडचण येते का?

स्प्लिटर इंजिनखालच्या कव्हरवर चढलेला असेल तर येते. ऑइल बदलायला ते कव्हर उतरवावं लागतं, आणि घाईतला पोरगा स्क्रू शोधत बसत नाही, ओढतो. म्हणून कव्हरच्या ज्या स्क्रूंमधून स्प्लिटर गेलाय त्यांच्याशेजारी पांढऱ्या मार्करने खूण करा. गाडी देताना जॉब कार्डवरही लिहायला लावा.

प्रेशर वॉशर चालतो का?

चालतो, पण नोझल टेपच्या फटीत धरायचा नाही. वॉशिंग सेंटरवाल्या भाऊंना आधी सांगा.

टोइंगची वेळ आली तर?

फ्लॅटबेडच मागवा. पुढून उचलणाऱ्या गाडीचा पट्टा नेमका स्प्लिटरवर येतो.

खालून घासून पांढरा पडलाय. रंग द्यावा का?

खालची बाजू कोण बघतं? कडेवर खरवड असेल तर पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तडा गेला असेल तर मात्र तडा संपतो तिथे ३ मिमीचं भोक पाडा. तडा तिथेच थांबतो. चाकाजवळच्या टोकाला तडा असेल तर दुरुस्ती करत बसू नका, तो तुकडा बदला.

गाडी विकताना काढता येतो का?

येतो. स्क्रू काढा, हेअर ड्रायरने टेप गरम करा आणि मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी ओढत टेपमधून न्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तर रंगाचा पापुद्रा येतो. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळा होतो, बाकी अल्कोहोलने जातो. कव्हरचे मूळ स्क्रू पिशवीत जपले असतील तर ते परत लावा, आणि नवी पाडलेली भोकं रबरी बुचांनी बंद करा. रंग असलेल्या भागावर पट्टीखालची जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसेल, कारण तिला ऊन लागलेलं नसतं. हलकं रबिंग केलं की फरक कमी होतो, लाल आणि निळ्या गाड्यांत थोडा उरतोच.